पाय लागू द्या, छबुबाई

मी केजच्या एका दवाखान्यातला डॉपलर बोलतोय. बोलतोय कसला, कपाटात पडल्या पडल्या कुरकुरतोय! हातात मावेल एवढा डबा आणि वायरीच्या टोकाला पेनासारखी कांडी, एवढाच माझा पसारा. माणसाला ऐकू न येणारा आवाज मी अंगात सोडतो. तो वाहत्या रक्तावर आपटून जरासा बदलून परततो, आणि तो फरक मी 'हुश्श, हुश्श' करून ऐकवतो. रक्त थांबलं की मीही गप्प.

छबुबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी गप्पच राहिलो. साखरेचा आजार, पायाचा अंगठा काळवंडलेला. कंपाउंडर उत्तरेश्वरनं जेल लावून मला पायावर टेकवलं आणि लगेच ओरडला, "मॅडम, आवाजच न्हाई!"

"म्हंजी पाय गेला का वो?" बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

डॉक्टर प्रणितांनी नीट पाहिलं. मी टेकलो की बाई हळूच पाय मागे घेत होत्या.

"मावशी, पाय कावून वढताय?"

"अवो, वस्तूला पाय लावू व्हय? पाप लागंल की!"

"ह्याचं पायाशीच काम हाय. लागू द्या." डॉक्टरांनी मला जरा तिरपं धरलं. हुश्श, हुश्श!

"आगं बाई, हाय की!" बाई लहान पोरीसारख्या हसल्या. मग मला हात लावून तो कपाळाला टेकवला. "पाय लागला बाबा, माफ कर."

औषधानं अंगठा सुधारला, तरी पुढं त्या दर महिन्याला यायच्या. पोरगा-सून पुण्याला, घरात एकट्या. "आजून जरा ऐकू द्या," म्हणायच्या. "घरी दिस-दिस कुणाचा सबूद कानावर येत न्हाई." जाताना माफी ठरलेली. एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही, खरं सांगतो.

मग रंगीत यंत्र आलं. पडद्यावर लाल-निळं रक्त दाखवणारं, माझ्याहून हुशार; उगाच खोटं कशाला बोलू?

"आवाज कुठाय?" छबुबाईंनी विचारलं.

"आता दिसतंय की मावशी, ऐकायचं काय त्यात?" उत्तरेश्वर म्हणाला.

"बरं," म्हणून बाई तपासणीच्या टेबलावरून उतरल्या. मी कपाटातून ऐकत होतो. त्यानंतर त्या आल्याच नाहीत.

माझे सेल काढून ठेवलेत, पण जीव त्या पायात अडकलाय. अंगठा पुन्हा काळा पडला, तर 'दवाखान्यात चला' म्हणायला त्यांच्या घरात आहे कोण?

छबुबाई, एकदा या. अंगठा दाखवा आणि तपासायला मलाच मागून घ्या. पाय लागू द्या, बाई. इथं मलाही कुणाचा सबूद कानावर येत नाही.