तासभर खाली

चिमणी जन्मली तेव्हा मूठभर होती, म्हणून चिमणी. आता दहाव्या वर्षी ती वजनकाट्यावर उभी राहिली आणि डॉक्टरीणबाईंनी आधी काट्याकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे.

"मानेवरचा हा काळा पट्टा बघितलात? वेळीच आवरलं नाही तर लवकरच साखर मागे लागेल. पाकिटातलं खाणं बंद करा आणि रोज तासभर मोकळ्यावर धावू द्या हिला."

आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची आणि दिवेलागणीला सुटायची. चिमणी शाळेतून आली की आतून कडी लावायची आणि आईला मिस्ड कॉल द्यायची. तो आला की आईच्या जिवात जीव यायचा. एकटीनं गॅसला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती, म्हणून डब्यात बिस्किटं आणि वेफर्स. कुणाला हौस होती? आणि मोकळं म्हणाल तर खाली गोदामांचं आवार. रिव्हर्समध्ये मागे येणारे ट्रक तिथं कुणाला बघत नसत. वरच्या मजल्यावरच्या मुलाचा पाय मागल्या वर्षी तिथंच गेला. खाली ट्रक, वर साखर. आईनं पोरीला द्यायचं तरी कुणाच्या तोंडी?

पण काळा पट्टा काही डोळ्यांपुढून हलेना. वेणी घालताना तो रोज दिसायचा. शेवटी तिनं मन घट्ट केलं.

"तासभर खाली जा. पण भिंतीच्या कडेनंच खेळायचं. वर आलीस की लगेच मिस्ड कॉल."

"भिंतीला चिकटून पकडापकडी कशी खेळतात, आई?"

"मला नाही माहीत. शोधून काढ."

त्या दिवशी तिनं फोन इस्त्रीच्या टेबलावर, अगदी नाकासमोर ठेवला. तास उलटला. फोन गप्प. तिनं घरी लावून पाहिला. नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला. तिनं इस्त्री बंद केली.

"मी घरी जाते," ती मालकाला म्हणाली.

"अर्धा दिवस कापीन हं."

"कापा."

ती धावत सुटली. तिचं स्वतःचं अंगही काही कमी नव्हतं. दुसऱ्याच कोपऱ्यावर दम लागला, तरी थांबायची हिंमत होईना. थांबलं की डोक्यात नको ते यायचं. आवाराच्या फाटकाशी पोचली तर ट्रक आडवा उभा, चाकापाशी माणसांचा घोळका. माणसं ढकलत ती आत शिरली. चाकाखाली एक गोणी फुटली होती आणि हमाल सांडलेलं धान्य भरत होते.

तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. चिमणी आवाराच्या मधोमध धावत होती, लालबुंद, केस सुटलेले, मागे तीन पोरं.

"आई, मला एकदासुद्धा कुणी पकडलं नाही!"

आईनं तिच्या एक थोबाडीत ठेवून दिली. मग तिला छातीशी असं आवळलं की पोर कळवळली. भीती अजून उतरली नव्हती.

"पुन्हा खाली पाऊल टाकायचं नाही," आई म्हणाली.

पुढच्या तपासणीला काटा आणखी वर सरकला होता. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "धावते ना रोज?"

आईनं आता काय सांगायचं?

"हो, रोज," चिमणीच म्हणाली. "आई मुद्दाम लवकर घरी येते आणि मला घेऊन जाते."

"शाबास. पण रोज धावूनही काटा वरच, मग आता गोळ्यांचा विचार करावा लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

आईनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं टेबलाखाली तिचा हात घट्ट धरला आणि मान हलवून खुणावलं, काही बोलू नकोस.