नळाखाली धुतलेला स्पंज

अक्का घरात आली की माणसं आधी पायपुसण्याला पाय पुसत आणि मग तिच्याशी बोलत. जन्मभर मोठ्या इस्पितळात मेट्रन होती ती. नोकरी सुटली, मेट्रनपण काही सुटलं नाही. धाकट्या भावाला अर्धांगाचा झटका आल्यावर ती मदतीला म्हणून राहायला आली, आणि आल्या दिवशीच फ्रीजच्या मागून बोट फिरवून तिने ते भावजयीच्या डोळ्यांसमोर धरलं.  

भावजय पोस्टाच्या काउंटरवर सकाळची पाळी करायची आणि दुपारी घरी येऊन नवऱ्याचं हवं-नको बघायची. लग्न झाल्यापासून ती अक्काच्या लेखी गबाळी होती. पाहुण्यांसमोर, लेकीच्या सासरच्यांसमोर, अगदी दूधवाल्यासमोरही अक्काने ते ऐकवलं होतं. भावजय प्रत्येक वेळी मूग गिळून बसली. गिळलेलं सगळं पोटात जसंच्या तसं राहिलं होतं.

नवऱ्याची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. खाट हॉलमध्ये टाकली होती, माशांच्या टाकीसमोर. टाकीत सात गोल्डफिश होते. त्यातला सगळ्यात जाडा, पोट पुढे काढून या काचेपासून त्या काचेपर्यंत फेऱ्या मारणारा, त्याला नवऱ्याने हेडक्लार्क नाव ठेवलं होतं. दिवसभर फिरायचं आणि काम काहीच करायचं नाही, म्हणून. आता हेडक्लार्क डावीकडे गेला की नवऱ्याची मान डावीकडे वळे, उजवीकडे गेला की कष्टाने उजवीकडे. व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली होती, "दुसऱ्या कशाकडेही ते बघत नाहीत. हे मासे तेवढे जपा." भावजय त्यांना डोळ्यांत तेल घालून जपत होती.

ते जपणं तिला नवऱ्यानेच शिकवलं होतं. पाणी सगळं एकदम बदलायचं नाही, थोडंच काढायचं. नवं पाणी आदल्या दिवसापासून बादलीत उघडं ठेवायचं, म्हणजे नळाच्या पाण्यातलं औषध उडून जातं. आणि फिल्टरमधला स्पंज नळाखाली कधीही धरायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळायचा आणि तसाच तपकिरी, बुळबुळीत परत बसवायचा. "तो मळ नाही," नवरा धडधाकट होता तेव्हा सांगायचा, "त्यात जिवाणू राहतात. माशांच्या घाणीचं विष तेच पचवतात. ते मेले तर मासे आपल्याच घाणीने मरतात."

हे तिने अक्काला पहिल्याच दिवशी सांगितलं. अक्का हसली.

"जंतू पाळायचे? माझी हयात गेली गं ते मारण्यात. मला नको शिकवूस."

एका दुपारी भावजय कामावरून परतली तर बाथरूममध्ये नळ धो-धो वाहत होता. अक्का पदर खोचून स्पंज घासत होती, भांड्याच्या ब्रशने. टाकीचं जुनं पाणी केव्हाच मोरीतून गेलं होतं. मासे बादलीत होते. स्पंज अजून निम्माच घासून झाला होता. "अक्का, थांबा," एवढंच म्हणायचं होतं. खाटेवरून नवरा घशातून ओढून ओढून आवाज काढत होता.

"बघ, खूश झालाय बाबू," अक्का वळूनही न बघता म्हणाली.

तो आवाज कशाचा आहे हे भावजयीला पुरतं कळलं. ती खाटेवरून दिसणाऱ्या बाथरूमच्या दारात पर्स खांद्याला तशीच ठेवून उभी राहिली. धुवू दे, तिच्या मनात आलं. एकदा तरी हिच्या हातून बिघडू दे, आणि सगळ्यांना दिसू दे. नळ बंद होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

टाकी आरशासारखी लखलखली. अक्काने शेजारणीला बोलावून दाखवली.

मग पाणी दुधाळ झालं. मासे तळाशी गप्प बसू लागले. माशांच्या दुकानातून कुणाच्या तरी चालू टाकीतला मळका स्पंज मागून आणला असता तर अजूनही निभावलं असतं. भावजयीला ते ठाऊक होतं. दुकान पोस्टाच्या गल्लीतच होतं. उद्या जाऊ, ती मनाशी म्हणाली. आधी अक्काला दिसू दे. अक्काला दिसायला पहिला मासा मरावा लागला. तेव्हा कुठे भावजय धावत सुटली. स्पंज आणला, पाणी बदललं, पण मासे एकामागोमाग उलटे होऊन वर आले. हेडक्लार्क शेवटपर्यंत पाण्याशी तोंड लावून हवा ओढत राहिला. नवरा त्याच्याकडे बघत होता. मग हेडक्लार्कही गेला.

अक्का खाटेशी बसून रडली. मेट्रनबाईंना रडताना घरात कुणी पाहिलं नव्हतं. "माझ्या हातून झालं रे बाबू," ती पुन्हा पुन्हा म्हणाली.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," भावजय म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज अक्कापेक्षा वर होता, आणि तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

नवऱ्याचे ओठ हलले. दोघी वाकल्या. झटका आल्यापासून तो एक अक्षर बोलला नव्हता. त्याने डोळे बायकोवर रोखले आणि बोबडे, अर्धवट शब्द जड दगडासारखे ढकलत बाहेर काढले.

"तू... बघत... होतीस."

"बोलला," अक्काने डोळे पुसले. "काय गं म्हणाला? कुणाला?"

भावजयीने टाकीचा दिवा बंद केला. "मासे गेले ते बघितलं का, असं विचारताहेत," ती म्हणाली.

अक्का दुसऱ्या दिवशी बॅग भरून गेली. फोनवर ती सगळ्यांना सांगते, भावजय भारी सोसते हो, चूक सगळी माझी. गबाळी हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा आला नाही. नवऱ्याचं बोलणंही हळूहळू सुधारतंय. व्यायामाच्या बाईशी बोलतो, दूधवाल्याशी बोलतो. बायको चमचा घेऊन समोर बसली की तो तोंड उघडतो, घास घेतो आणि गिळेपर्यंत मान भिंतीकडे वळवून ठेवतो.