पहिली पत्रिका

भिकाजी साटमांनी जन्मभर लोकांच्या जेवढ्या चुका दुरुस्त केल्या, तेवढ्या स्वतःच्या केल्या असत्या तर एव्हाना त्यांना मोक्ष मिळाला असता, असं धनंजय म्हणायचा. धनंजय दुकानाचा मालक. शारजातल्या रोल्ला चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचं टायपिंग, झेरॉक्स आणि छपाईचं दुकान होतं. त्यात भिकाजी गेली अठ्ठावीस वर्षं एकाच खुर्चीवर बसत आले होते. खुर्ची तीन वेळा बदलली, माणूस तोच राहिला.

इथल्या मराठी माणसाच्या घरी लग्न निघालं की पत्रिकेचा मजकूर भिकाजींच्याच हाताखालून जायचा. लोक कसलं काय लिहून आणतील याचा नेम नसे. कुणी जिवंत आजोबांच्या नावामागे 'कै.' लावून आणायचं, कुणी कुलदैवताचंच नाव चुकवायचं. इथंच वाढलेली नवरी मुलगी तर तोंडावर विचारायची, "अंकल, व्हॉट इज धिस चि. सौ. कां.? इज इट अ डिग्री?" भिकाजी न चिडता सांगायचे, "नवऱ्याला नुसतं चिरंजीव, बाळ. नवरीला चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. डिग्रीच समज, पण लग्न होईपर्यंतच टिकणारी."

म्हणून मनोरमा परुळेकरांच्या मुलाच्या लग्नाचा मजकूर व्हॉट्सअॅपवर आला, तेव्हा भिकाजींनी तो वाचला, गालात हसले आणि दुरुस्त केला. बाईंनी लिहिलं होतं, 'चि. वेद आणि चि. किरण'. सौ. कां. विसरल्या बिचाऱ्या. नवरा गेल्यापासून सगळं एकटीनं बघायचं म्हणजे असं व्हायचंच. मुलीच्या आईवडिलांची नावंही नव्हती, पण परदेशातलं लग्न, असेल काही भानगड, असं म्हणत त्यांनी ते सोडून दिलं. 'एकच प्रत छापा' असं बाईंनी लिहिलं होतं. त्याचा अर्थ त्यांनी नमुना असा लावला, आणि पिवळ्या जाड कागदावर एक सुंदर प्रत काढून ठेवली. वरती, लाल अक्षरांत, 'श्री देव रवळनाथ प्रसन्न'.

मनोरमाबाई आल्या त्या शुक्रवारी दुपारी. धनंजय घरी जेवायला गेला होता, शटर अर्धं खाली होतं, आणि जवळच्या मशिदीतल्या खुतब्याचा, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनाचा आवाज गल्लीत ऐकू येत होता. बाई वाकून आत आल्या. भिकाजी त्यांना चांगले ओळखत. त्यांचे यजमान मुरलीधर दुबईत देराला एका ट्रेडिंग कंपनीत होते, आणि त्यांच्या फ्लॅटमधल्या गणपतीला दरवर्षी गाऱ्हाणं घालायचा मान भिकाजींचा असे.

"या वहिनी. बघून घ्या. मग किती काढायच्या ते सांगा."

बाईंनी चष्मा चढवला. त्यांचं बोट ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं.

"भाऊ, हे सौ. कां. कुणी घातलं?"

"मीच. तुमच्याकडून राहून गेलं होतं."

"राहून नव्हतं गेलं," बाई म्हणाल्या. "किरण मुलगा आहे."

भिकाजींनी पहिल्यांदा कुठे बघितलं असेल तर शटरकडे. मग बाईंकडे. मग पत्रिकेवरच्या लाल अक्षरांकडे, आणि तिथं मात्र त्यांना बघवेना. असली माणसं जगात असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ती दुसऱ्यांच्या घरात असतात, मुरलीधर परुळेकराच्या घरात नसतात, अशी आपली समजूत. वेदला तर त्यांनी मांडीवर घेऊन मोदक भरवला होता.

"वहिनी, हे मला जमायचं नाही."

"का?"

भिकाजींनी भिंतीकडे बोट केलं. तिथं एक कागद लावलेला होता. भेदभावाविरुद्धचा कायदा आला तेव्हा धनंजयनं तो त्यांच्याकडूनच टाइप करून घेतला होता: धर्म, पंथ, जात, वंश, रंग यावरून कुणालाही कमी लेखणारा मजकूर इथं छापला जाणार नाही. त्याआधी त्या काउंटरवरून बेडस्पेसच्या, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं देण्याच्या, शेकडो चिठ्ठ्या गेल्या होत्या. अमक्याच धर्माचे हवेत, तमक्याच गावचे हवेत. स्वतः भिकाजींना आल्या आल्या एका खोलीवरून बांगड्याच्या वासापायी बाहेर काढलं होतं. त्यामुळे तो कागद लावताना त्यांना मनापासून बरं वाटलं होतं.

"ती यादी तोंडपाठ आहे मला," ते म्हणाले. "त्यात हे बसत नाही. उलट हे दुसऱ्याच कायद्यात बसतं. कुणी कम्प्लेंट केली तर दुकान खलास. माझा व्हिसा खलास. तुम्हीसुद्धा अडकाल."

"मला माहीत आहे. माझा वेद त्या यादीत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर तुम्हाला कुणी विचारणार नाही. हो म्हणालात तरच विचारतील." बाई स्टुलावर बसल्या. "म्हणून मी कायद्याला विचारत नाहीये. तुम्हाला विचारतेय."

आता मात्र भिकाजींना खरं बोलावं लागलं. कायद्याची ढाल पुढे करून माणूस किती वेळ उभा राहणार?

"मग कायद्याचं सोडा. वर देवाचं नाव आहे, वहिनी. माझ्याही गावच्या देवाचं. त्याच्याखाली हे असलं मी नाही लिहू शकत. मला पटत नाही. तुमचा राग येऊ दे, पण खोटं नाही सांगणार."

"मला कुठं पटलं होतं? तीन वर्षं मी त्याच्याशी धड बोलले नाही. फोन आला की भाजी करपतेय म्हणायचे. एवढ्या भाज्या करपवल्या मी." बाई हसल्या नाहीत. "मग गेल्या वर्षी मला डेंग्यू झाला, आठवतं? तो किरण टोरांटोहून रोज फोन करून प्लेटलेट विचारायचा. मोडक्या मराठीत. स्वतःच्या घरच्यांनी त्याला टाकलंय. परवा वेदला म्हटलं, मी पत्रिका छापून घेतेय. तर म्हणतो, 'आई, प्लीज डोन्ट. इट्स नॉट सेफ देअर. वुई डोन्ट नीड अ कार्ड.' त्यांना नसेल. मला हवी आहे."

"कशाला? वाटणार कुणाला?"

"कुणालाच नाही. पहिली पत्रिका देवाला ठेवतात ना? तेवढीच. दुसरी नाहीच."

भिकाजींना आता उमगलं. म्हणजे एकच प्रत हा नमुना नव्हता. तीच सगळी पत्रिका होती.

"रविवारी माझं टोरांटोचं फ्लाइट आहे," बाई सांगत होत्या. "घरात पंखा आणला तरी मी आधी देवाला सांगते, भाऊ. आणि पोराचं लग्न त्याला चोरून करू? त्याला सांगून गेले तर मी तिथं आई म्हणून उभी राहीन. न सांगता गेले तर पाहुणी. शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारी."

भिकाजींना एक पळवाट सुचली, आणि सुचली याचा त्यांना आनंदही झाला. "मग हीच न्या की! काय बिघडलं? किरण हे नाव दोघांनाही चालतं. सौ. कां. राहू दे. कुणाच्या हाती लागली तरी संशय नाही. तुम्ही सेफ, मी सेफ."

बाईंनी पत्रिका उचलली. तिच्यात सगळं होतं. गावी दिरांना फोटो पाठवता आला असता. शेजारच्या मैमुनाबीला दाखवता आली असती. दोन अक्षरांत त्यांची सगळी लाज झाकली जात होती, आणि ती झाकावी असं त्यांना वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी पत्रिका पर्समध्ये ठेवली. चेन ओढली. शटरपर्यंत गेल्या.

तिथून परत आल्या.

"माणसांना चालली असती," त्या म्हणाल्या. "देवाला खोटं नाव कसं कळवू? पेन द्या एक."

"पेन कशाला?"

"तुमचा हात धजत नाही ना? नका छापू. मी ते सौ. कां. खोडते आणि घेऊन जाते."

त्यांनी पर्समधून पत्रिका काढली, काउंटरवरचं पेन स्वतःच घेतलं. टोक कागदाला टेकणार तोच भिकाजींनी त्यांचं मनगट धरलं. जन्मात परस्त्रीच्या हाताला हात न लावलेला माणूस! त्यांचं त्यांनाच कळलं तेव्हा त्यांनी तो चटकन सोडला.

"लग्नाच्या पत्रिकेवर खाडाखोड करायची नसते, वहिनी. अशुभ असतं ते."

"मग काय करू?"

अठ्ठावीस वर्षांत एकही खाडाखोड केलेली पत्रिका या काउंटरवरून गेली नव्हती.

"एक विचारू?" मनोरमाबाई हळू म्हणाल्या. "खाली निमंत्रक म्हणून माझं एकटीचं नाव घातलंत तुम्ही. श्रीमती मनोरमा मुरलीधर परुळेकर. तुमच्या वडिलांनी घातलं असतं? विधवेचं?"

नसतंच घातलं. वडील गेल्यावर निघालेल्या धाकट्या बहिणीच्या लग्नपत्रिकेत भिकाजींच्या आईचं नाव नव्हतं. चुलत्यांचं होतं. आई स्वयंपाकघरात बसून अक्षता निवडत होती, मंडपात आली नाही. ते त्यांना इतकं लागलं होतं की पुढे इथं कुणी आईचं नाव गाळून मजकूर आणला, तर ते स्वतः भांडून घालायला लावायचे. देवाचं नाव तेव्हाही वरच असायचं. देवानं कधी तक्रार केली नव्हती.

पण ते आणि हे एक नव्हे, असं त्यांचं मन सांगत होतं. आणि तरी ते खुर्चीवर बसले. फाइल उघडली. सौ. कां. वर कर्सर नेला. दोन अक्षरं पुसायला किती वेळ लागतो? भिकाजींना बराच लागला.

"मला पटलेलं नाही, वहिनी. सांगून ठेवतो."

"हो, भाऊ."

प्रिंटर घरघरला. एक प्रत बाहेर आली. भिकाजींनी जुनी पत्रिका बाईंकडून मागून श्रेडरमध्ये घातली, फाइल पुसली, मग रिसायकल बिनमधूनही पुसली. नव्या पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना त्यांनी ड्रॉवरमधल्या डबीतलं हळदकुंकू लावलं. ही सवय त्यांच्या बोटांचीच, त्यांना विचारून होत नसे.

"आता कुठं ठेवणार? गावी तर कुणी ठेवू देणार नाही."

बाईंनी कम्प्युटरच्या मागच्या भिंतीकडे बघितलं. तिथं रवळनाथाची तसबीर होती, भिकाजींनी गावाहून येताना आणलेली. म्हणजे बाई सगळं ठरवूनच आल्या होत्या.

"इथं. आणि गाऱ्हाणं तुम्ही घालायचं."

भिकाजींनी डबी ड्रॉवरमध्ये ठेवली. छापणं निराळं. छापलेलं पुसता येतं. गाऱ्हाणं तोंडानं घालायचं असतं, आणि एकट्यानं घालता येत नाही. एकानं देवाला सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. होकार नसेल तर ते देवापर्यंत पोचत नाही, असं त्यांचे वडील सांगत.

शेवटी त्यांनी चपला काढल्या. पत्रिका तसबिरीखाली ठेवली आणि हात जोडले. बाई मागे उभ्या राहिल्या. बाहेर नमाज सुरू झाला होता, म्हणून भिकाजींनी आवाज खाली ठेवला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," बाई म्हणाल्या.

"आज ह्या तुझ्या लेकीन आपल्या झिलाचा कार्य योजल्यान हा. पयली पत्रिका तुझ्या पायाशी ठेवल्यान हा."

"व्हय म्हाराजा."

"वेद आणि किरण..." इथं भिकाजी अडले. पुढे 'ह्या नवरा-नवरीक' असं यायचं. जिभेवर बसलेलंच होतं ते. त्यांनी ते गिळलं. "ह्या दोघांका तू सांभाळ. तेंच्या वाटेतलो काटो बाजूक कर."

"व्हय म्हाराजा!" बाईंचा आवाज फुटला.

आता भिकाजींना स्वतःचं ओझं उतरवायचं होतं. तेवढा हक्क गाऱ्हाणं घालणाऱ्याला असतो. डोळे मिटून ते म्हणाले, "ह्यो कागद माझ्या हातान छापलो. ह्या लग्नात काय चूक असात, तर ती माझ्या माथ्यार घाल, लेकरांच्या नको."

आणि ते थांबले.

मागून होकार आला नाही.

एसी चालू होता. भिकाजींना वाटलं, बाईंना ऐकू गेलं नसेल. ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, "ह्यात काय चूक असात तर..."

भिकाजींनी मान वळवून बघितलं. मनोरमाबाई हात जोडून उभ्या होत्या, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ओठ घट्ट मिटलेले होते. देवासमोर त्या कशालाही हो म्हणायला तयार होत्या, फक्त त्या एका 'चूक' शब्दाला नाही.

भिकाजी तसबिरीकडे वळले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचा मजकूर दुरुस्त केला होता. आता स्वतःचं वाक्य त्यांनी मागे घेतलं, आणि म्हणाले,

"ह्या लग्न गोड करून घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाई म्हणाल्या.