भुऱ्या रेड्याच्या नाकातला काटा

मी ‘उडता रेडा’ या पुस्तकमालिकेचा पाचवा आणि शेवटचा भाग बोलतोय. आधीच्या चारांपेक्षा मीच भारी. ते चौघं आता हयात नाहीत, त्यामुळे वाद घालायला कुणी येणार नाही.

आष्टीच्या बसस्टँडसमोर खाजामियाँचं फळांचं दुकान आहे. आम्ही पाचही जण तिथं रद्दीतून आलो, सीताफळं बांधायला. खाजामियाँची लेक शाईस्ता आणि तिची वर्गमैत्रीण बबिता आमच्यावर तुटून पडल्या. वाचून झालेला भाग बापाला द्यायचा, असा करार होता. चौघं असे पान पान होऊन सीताफळांबरोबर गावोगाव गेले.

माझी पाळी आली आणि दसरा झाला. बबिताचे आईबाप ऊसतोडीला निघाले, तिलाही जावं लागलं. शेवटची थोडी पानं राहिली होती. तिनं त्यांच्यातून बाभळीचा काटा आरपार खोचला.

“मी यिस्तोवर हे उघडायचं न्हाई.”

“न्हाई उघडणार,” शाईस्ता म्हणाली.

काटा नेमका चित्रातल्या भुऱ्या रेड्याच्या नाकातून गेला. एवढा आभाळात उडणारा गडी, त्याला वेसणच घातली की! मला हसू आवरेना.

बबिताचे आईबाप कारखान्याजवळच राहिले, ती काही परतली नाही. खाजामियाँ विचारायचे, “पढके हुआ क्या?” शाईस्ता म्हणायची, “थोडा बाकी है, अब्बा.” त्या थोड्यावर मी जगलो. पुढं दुकान तिच्या हाती आलं, तरी मी गल्ल्याखाली तसाच होतो.

गेल्या महिन्यात एसटीची एक कंडक्टर केळी घ्यायला आली. शाईस्ता तिच्याकडे बघतच राहिली. मग तिनं मला काढून समोर ठेवलं.

“आगं, तू खरंच वाचलं न्हाईस?” बबितानं काट्यावर बोट फिरवलं.

“तुझीच वाट बघत हुते.”

मी धास्तावलो. मोठ्या झालेल्या बाया, आता मी त्यांना पोरकट वाटणार. पण भुऱ्या ढगावर शेण टाकतो तिथं दोघी अशा खिदळल्या, की केळीचा घड खाली आला. तिकडं ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला.

एकच पान उरलं, तशी बबिता थांबली. तोच काटा तिनं पुन्हा खोचला. “हे उद्याच्या खेपेला.”

दुसऱ्या दिवशी ती आली आणि दोघींनी मला पहिल्या पानापासून उघडलं. तेव्हापासून हेच चाललंय. शेवटच्या पानाचं नावच कुणी काढत नाही.

म्हणून प्रवाशांनो, एक विनंती आहे. गाडी आष्टीला जरा जास्त थांबली तर कंडक्टरवर चिडू नका. आमचा भुऱ्या अजून ढगातच आहे आणि त्याला खाली उतरायची मुळीच घाई नाही.