थांबवलेलं विमान

माझी नणंद सुचिता अमेरिकेची मोठी अधिकारी आहे, हे आमच्या अनसिंग गावात आम्ही छाती फुगवून सांगायचो. लग्न होऊन ती तिकडे गेली, तिकडचीच झाली, परीक्षा देऊन त्यांच्या वकिलातीच्या नोकरीत लागली. पुढची सगळी वर्षं आशियात गेली: ढाका, हनोई, उलानबातर. कुठूनही फोन केला तरी आधी वांग्याचा भाव विचारायची. मी म्हणायचे, “ताई, तुमच्या सरकारले सांगा ना भाव वाढवायले!”

या वेळी फोन नाही, ती स्वतःच आली.

झालं होतं ते असं. तिची शेवटची नेमणूक ज्या देशात होती तिथे लढाई पेटली. वकिलातीच्या लोकांना न्यायला विमान आलं. तिच्या वरच्या साहेबाने हुकूम सोडला, फक्त अमेरिकन माणसं चढतील. जन्मभर वकिलातीत राबलेले तिथलेच ड्रायव्हर, टायपिस्ट पोरी, दारावरचा म्हातारा, सगळे धावपट्टीवर सोडून द्यायचे. बंदूकवाले शहरात शिरलेच होते, त्यांनी या लोकांना जिवंत ठेवलं नसतं. सुचिता विमानाच्या जिन्यावर जाऊन बसली. जिना काढता येईना, दार लागेना. साहेब ओरडला, दंड धरून ओढलं, पण बाई हलली नाही. शेवटी साहेबाला त्या सगळ्यांना आत घ्यावं लागलं, मग ही चढली.

माणसं वाचली. साहेबाचं म्हणणं मात्र एकच, हिने विमान धोक्यात घातलं. “माझी चूक झाली” एवढं म्हटलं तर काठमांडूची वरची जागा तिची, नाहीतर नोकरी संपली. संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येणार होता.

आम्ही सगळे, सासूबाईसुद्धा, अंगणात उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होतो. माझा नवरा पवन, तिचा थोरला भाऊ, दुपारपासून तिच्या मागे लागला होता.

“एक सॉरी म्हणायले काय जाते तुह्यं?”

“चूक केलीच नाई, तं म्हणू कायले?”

“इमान होतं ते, आपल्या घरची गाडी नाई.”

“वाशीमच्या बाजारातून टेम्पो आईले सोडून निघाला असता, तं चाललं असतं तुले?”

पवनने नवी जुडी बांधायला घेतली. आमच्या भाजीवाल्या बायांचा तो नियमच आहे. एकीची टोपली विकायची राहिली तरी टेम्पो निघत नाही, ड्रायव्हर किती का कुरकुरेना. माझ्या सासूबाई, गिरजाबाई, तर चाकापुढे फतकल मारून बसायच्या.

कॉल आला. सुचिताने फोन टोपलीला टेकवून उभा केला. मला इंग्रजी कळत नाही, पण साहेब गोड बोलत होता एवढं कळलं. भाव पाडायला आलेला व्यापारी असाच बोलतो. मग तो थांबला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

तेवढ्यात पवन जुडी टाकून पुढे सरकला आणि फोनपुढे हात जोडले. “सॉरी सर! आय ब्रदर. सॉरी, सॉरी!”

आमच्याकडे रीतच आहे ही. घरच्या पोरीवर कोणी बोट ठेवलं की बाप नाहीतर थोरला भाऊ हात जोडतो आणि प्रकरण मिटतं. पोरीला कोणी विचारत नाही. साहेबही हसला. तुमचंही हेच म्हणणं समजू ना, असं त्याने विचारलं, हे सुचिताने नंतर सांगितलं.

माझ्या अंगाची लाही झाली. दुपारपासून मलाही वाटत होतं, म्हणून टाक बाई एकदाचं. पण तिच्या वाटचं दुसऱ्यानेच म्हणून टाकलं, ते मला सहन होईना.

सुचिताने हातातली मेथी खाली ठेवली. आधी इंग्रजीत बोलली, मग सासूबाईंना कळावं म्हणून आमच्या बोलीत.

“माह्या भावाले सॉरी वाटते. मले नाई वाटत. पुन्हा तशी येळ आली, तं पुन्हा बसीन.”

साहेबाचं हसू मावळलं. दोन शब्द बोलून त्याने फोन बंद केला.

“गेली नोकरी,” सुचिता म्हणाली. तिचे डोळे भरून आले, पण मान ताठच होती. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

पवन मात्र तसाच बसला होता, बंद पडलेल्या फोनपुढे हात जोडून. मी उठले, त्याचे दोन्ही हात धरले आणि सोडवले.

“पुरे आता,” मी म्हटलं. “तिनं नाई जोडले, तुमी कायले जोडून राह्यले?”