केवड्याच्या डोहातला भोपळा

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. भाजीचा नव्हे, भाजीचे भोपळे एका जेवणात संपतात, त्यांना सांगण्यासारखे आयुष्य लाभत नाही. मी पाठीला बांधून पोहायला शिकवणारा, वाळलेला दुध्या भोपळा. माझी साल आता विटली आहे आणि कमरेवर दोरीचा वळ कायमचा उमटला आहे. पण माझ्या अंगावर मिरवण्यासारखे काही असेल, तर तो वळच.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीत, भागोजीच्या परसातल्या मांडवावर मी वाढलो. माझ्या बरोबरीचे सारे एकेक करून उतरले; मी बियाण्यासाठी राखला गेलो. वेलीवरच माझे हिरवेपण सरले आणि अंग हलके झाले. मग भागोजीच्या बहिणीने, काशीआत्याने, देठापाशी भोक पाडून माझे बी काढून घेतले. चुलीच्या धुरात मला टांगले, काजूच्या टरफलांचे तेल चोपडले, तोंडात लाकडी बूच ठोकून वर मेण ओतले. एक बी मात्र पोटातच राहिली आणि हलवले की खुळखुळू लागली. आत्या हसून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पान्यात पोरीला सोबत व्हईल."

ती पोर म्हणजे भागोजीची राही. ती सातवी पास झाली होती आणि वाडीतली शाळा तिथेच संपत होती. पुढची शाळा खाडीच्या पलीकडे होती. तिथे जायचे तर रोज दोन वेळा तरीतून, म्हणजे माणसे ने-आण करणाऱ्या होडीतून, जावे लागे. तीच तर एकदा उलटली होती आणि भागोजीचा धाकटा भाऊ परत आला नव्हता. तेव्हापासून भागोजीचा शब्द ठरलेला होता : "पवता येत नाय त्यानं तरीत पाय ठेवायचा नाय."

"मंग शिकवा की पोरीला!" राहीची आई हौसा म्हणे. "का नुस्ता नियम धाडनार मुंबयवरनं?"

एक्क्याऐंशी सालच्या वैशाखात भागोजी मुंबईच्या गिरणीतून रजा घेऊन आला, तो हेच मनात धरून. विहिरीने तळ गाठला होता. खाडीला ओढ होती. तेव्हा त्याने बैलगाडी जुंपली, घोंगड्या, टोप आणि तांदूळ भरले, मला आणि आदल्या सालच्या एका जोडीदाराला मागे बांधले आणि सारे घर घेऊन तो सड्यावर निघाला.

वैशाखातला सडा तुम्ही पाहिला आहे का? कोसभर नुसता तापलेला जांभा दगड. झाड नाही, पाखरू नाही. क्षितिजापर्यंत हवा तेवढी थरथरत असते. ते आमच्या मुलखाचे वाळवंटच. आणि त्या वाळवंटात, दोन सड्यांच्या बेचक्यात, झऱ्याच्या पाण्याने भरलेला केवड्याचा डोह. असे निळेपण इतक्या कोरड्या दगडाने कुठे जपून ठेवले होते, याचे मला आजही नवल वाटते.

वाटेतल्या हादऱ्यांनी माझा जोडीदार फुटला. राहीसाठी मी एकटाच उरलो.

काठावर बिऱ्हाड थाटले गेले. गाडीच्या जुवावरून घोंगडी ताणून सावली केली. तीन दगडांच्या चुलीवर पेज रटरटू लागली. सकाळ-संध्याकाळ मी राहीच्या पाठीवर असे. कंबरभर पाण्यात उभी राहून काशीआत्या ओरडे, "अगो, पाय मार, पाय! हातानं काय भाकऱ्या थापतेस?"

"तशा भाकऱ्या घरी थापल्या असत्यान तर बरं झालं असतं," हौसा चुलीपासून म्हणे.

राही हसे, नाकातोंडात पाणी जाई आणि मग ती हळूच मान वळवून मला विचारी, "हाईस ना रं?" मी खुळखुळत असे. तेवढे तिला पुरे.

तिचे हात सुटले, पाय सुटले. माझी दोरी मात्र सुटेना. मी नसलो की ती दगडासारखी ताठ होई. मित्रांनो, खरे सांगतो, मला तेव्हा त्याचा अभिमान वाटे.

शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी भागोजीला मुंबईची एसटी धरायची होती. पलीकडच्या काठाशी केवड्याखाली एक खडक होता. त्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "भोपळ्याबिगर जायाचं, त्याला हात लावायचा आनि परत यायचं. आलीस की शाळा पक्की."

सारी सकाळ राही पाण्यात उभी राहिली. ऊन डोक्यावर आले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "नाय व्हायचं माज्यानं."

भागोजी रागावला नाही. तो मुकाट्याने टोप गाडीत भरू लागला. "ऱ्हाऊ दे. घरात ऱ्हा. गुरं हायत, आयेला हात लाव." रागावला असता, तर राहीला रडता तरी आले असते.

काशीआत्याला ते बघवेना. "जाता जाता भोपळ्यासंगं एक फेरी मारू दे तिला. पोर पार हिरमुसली."

मी सकाळपासून उघड्या जुवावर टांगलेला होतो. सड्याच्या उन्हात माझ्या तोंडावरचे मेण वितळून गेले होते आणि बूच सैल झाले होते. घाईत ते कोणीच पाहिले नाही. आत्याने मला बांधले आणि राही निघाली.

थोडे अंतर गेल्यावर माझ्या पोटात गार काहीतरी शिरले. मग बूचच निसटले. मी भरू लागलो. बुडणाऱ्याला हाक तरी मारता येते. मला तीही येत नव्हती. पोटातली बी गप्प झाली. डोहाच्या मधोमध, जिथे तळ दिसत नाही तिथे, मी ओळखले की मी आता हिला तारत नाही. हिच्या पाठीला लोंबकळतो आहे. पण तिचे हात संथपणे पाणी कापत राहिले. आज प्रथमच तिने मला काही विचारले नाही.

खडकावर चढताना दोरी घसरली आणि माझ्या तोंडातून भडभडा पाणी वाहिले. राही बघतच राहिली. तिने मला हलवले. खुळखुळ नव्हती; बी आत भिजून चिकटली होती.

"बाबा!" ती ओरडली. "ह्यो पान्यानं भरला व्हता!"

"अगो बाय माजे!" काशीआत्याने कपाळावर हात मारला. "बूच कुटं गेलं?"

सदरा भिरकावून भागोजी पाण्याकडे धावला. "हलू नको थयनं! मी येतो!"

"थांबा बाबा," राही म्हणाली. "मीच येतंय."

तिने मला केवड्याच्या सावलीत ठेवले, माझ्या वळावरून एकदा हात फिरवला. "तू बस हितं," म्हणाली आणि तिने उडी घेतली.

मित्रांनो, तोवर मला तिची फक्त पाठ माहीत होती. त्या दुपारी मी तिला पहिल्यांदा पोहताना पाहिले. उन्हाने चकाकणाऱ्या पाण्यातून ती माझ्यापासून दूर दूर जात होती आणि माझे रिकामे पोट कशाने तरी भरून आले होते. ते पाणी नव्हते.

भागोजी कंबरभर पाण्यात हात पसरून उभा होता. तिचे पाय तळाला टेकेपर्यंत त्याने तिला हात लावला नाही. मग म्हणाला, "शाळा कवा उघडते गो तुजी?"

"आता इचारतायत!" हौसा पदराने डोळे पुसत म्हणाली. "आनि एकच परकर व्हता सुका, तोबी भिजवलान कार्टीनं!"

मला काशीआत्याने पोहत जाऊन आणले आणि घरी दुसरे बूच ठोकले. पुढे वाडीतल्या कितीतरी पोरांच्या पाठी मी ओळखल्या. "राहीचा भोपळा" म्हणून मला मागणी असे. मग चिपळूणहून कोणी रबराची ट्यूब आणली आणि मी पोटमाळ्यावर गेलो. धुळीखाली काही वर्षे गेली. तिथे कोणी हलवीत नसल्याने मी खुळखुळतो, हे मलाही आठवेनासे झाले.

राही आता दापोलीला शेतकी कॉलेजात शिकते. परवा सुटीत आली, तेव्हा तिने मला खाली उतरवले आणि कानाशी धरून हलवले. बी खुळखुळली. तिने नवे बूच बसवले, ताजे मेण ओतले. शेजारची गोदा यंदा सातवी पास झाली आहे. उद्या गाडी पुन्हा सड्यावर निघेल.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा कोणी असेल. त्याला धुळीत टाकू नका, उन्हात टांगू नका, पाण्यात उतरण्याआधी त्याचे बूच तेवढे पाहा. आणि वेळ आली की त्याला खुशाल खडकावर ठेवून निघून जा. आम्हाला राग येत नाही. तिथून फार चांगले दिसते.