भट्टीवरचा माणूस

“जा, जा! शेठची भट्टी थंड होईल!”

गेटवर बसलेल्यांपैकी कुणीतरी ओरडलं आणि पन्नास जण हसले. हिंमतराव मान खाली घालून आत शिरले. संपाचा अकरावा दिवस होता. काचेच्या कारखान्यात संप झाला तरी भट्टी विझू द्यायची नसते. आतली काच गोठली की भट्टी कामातून जाते, मग संप जिंकूनही कामावर यायचं कुठे? म्हणून दर संपाला युनियनच भट्टीवाल्यांना आत पाठवी. यंदाही युनियनच्या जयवंतरावांनी हात जोडून हिंमतरावांना पाठवलं होतं.

पण शेठ यंदा बिलंदर निघाला. चार दिवसांपूर्वी त्याने सुपरवायझरांना मशीनवर उभं केलं आणि हिंमतरावांनी तापती ठेवलेल्या काचेतून त्यांच्याकडून बाटल्या काढून घेऊ लागला. भरलेले ट्रक गेटबाहेर पडले, तेव्हा जयवंतरावांनीही तोंड फिरवलं.

दांडिया बाजारातल्या घरी हिंमतरावांनी ताट पुढे सारलं.

“नका जाऊ उद्या,” त्यांची बायको आनंदी म्हणाली. “बायका नळावर माझ्याशी बोलत नाहीत.”

“न जाऊन कसं चालेल? बावीस वर्षं सांभाळलीय ती भट्टी.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळ्यांपुढे निळी काच धरून भट्टीत डोकावून पाहिलं आणि ज्योत थोडी उतरवली. मीटर कधीचा बिघडलेला. तिन्ही पाळ्यांना हिंमतराव सांगतील तोच ताप. काच वितळलेली राहील, पण धड बाटली होणार नाही, असा त्यांनी तो बेताने ठेवला. बाटल्या बुडबुडे घेऊन, तडकून उतरू लागल्या. सुपरवायझर मशीनला शिव्या घालत बसले. हिंमतरावांचा जीव मात्र टांगणीला लागला होता. अंदाज जरा चुकला असता तर भट्टीच हातची गेली असती. आणि सांगणार कुणाला? एकाच्या कानावर घातलं की तासाभरात ते शेठच्या केबिनमध्ये.

आठवड्याने गिऱ्हाइकांकडून माल परत येऊ लागला, तसा शेठ नमला. पगारवाढ झाली, गुलाल उधळला. हिंमतरावांना कुणी बोटभरही लावला नाही.

कारखाना उघडला त्या सकाळी शेठने सगळ्यांना आवारात जमवलं आणि हिंमतरावांना पुढे बोलावून शाल उलगडली.

“आखी फॅक्टरीमां आ एक ज माणस वफादार!” अख्ख्या कारखान्यात इमानी माणूस हा एकच, असं त्याने गुजरातीत जाहीर केलं.

एकही टाळी वाजली नाही. शाल खांद्याला टेकली आणि हिंमतरावांना अंगावर झुरळ पडल्यासारखं झालं.

“शेठ, काढा ही,” ते म्हणाले. “बाटल्या मीच बिघडवल्या. ताप मी उतरवला होता.”

दुपारी निलंबनाचा कागद घेऊन ते बाहेर पडले. जयवंतराव धावत मागे आले. त्यांचे डोळे भरले होते.

“मला तरी सांगायचं होतंत ने, हिंमतराव! आता तुमच्यासाठी पुन्हा बसतो गेटवर. आजच!”

हिंमतराव धुराड्याकडे बघत होते. काळा धूर निघत होता.

“भट्टीवर कोण आहे?”

“नवीन आहे. सुपरवायझरचा भाचा.”

“हवा कमी पडतेय. त्याला म्हणावं, हवा वाढव.” जयवंतराव हलेनात, तसे ते खेकसले, “अरे जयवंता, उभा काय राहिलास? आधी तिकडे जा ने!”